कमवा-शिकातून काय कळतं: कॉलेजला नव्यानं येणाऱ्यांसाठी

बारावी करून कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांजवळ स्वतःबद्दलची दोन-चार वाक्यं तयार असतात. माझं गणित कच्चं आहे. मी लाजाळू आहे. मला पाठांतर जमत नाही. ही वाक्यं आपण शोधलेली नसतात. शाळेतल्या बाई, क्लासचे सर, नाहीतर सुट्टीला आलेली आत्या कधीतरी बोलून गेलेली असते आणि आपण ती खरी धरून चालतो. कॉलेजात ही वाक्यं तपासता येतात, पण त्यासाठी वर्गाबाहेर पडावं लागतं. लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन, परीक्षा हा सगळा शाळेचाच पुढचा भाग. तिथे तुम्हाला तुमच्याबद्दल जे आधीच माहीत आहे तेच पुन्हा कळतं, फक्त मार्क कमी पडतात.

मी माण तालुक्यातली. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि लेडीज होस्टेलवर राहिले. मेसचं बिल, जर्नलं आणि गावी जायचं एसटीचं भाडं घरून मागायला नको म्हणून पहिल्याच वर्षी कमवा व शिका योजनेत नाव घातलं. आमच्या भागात या योजनेची कुणाला लाज वाटत नाही, त्याचं श्रेय कर्मवीर भाऊराव पाटलांना. त्यांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1947 साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेच मुळी मुलांनी काम करून शिकावं या तत्त्वावर. आता राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत ही योजना कुठल्या ना कुठल्या रूपात चालते. दिवसाचे दोन-तीन तास काम करायचं आणि तासांप्रमाणे पैसे खात्यावर जमा. काम मिळतं ते ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत, ऑफिसात किंवा जिमखान्यात.

माझ्या वाट्याला ग्रंथालय आलं. मला बाग हवी होती, कारण विषय वनस्पतींचा. ग्रंथालयातलं काम म्हणजे परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. ऐकायला सोपं आहे. पण पुस्तकाच्या कण्यावर जो आकडा असतो त्याला एक शिस्त असते. ड्युई दशांश वर्गीकरणात 500 म्हणजे विज्ञान, 580 वनस्पती, 590 प्राणी, 630 शेती, आणि मराठी साहित्य थेट 891.46 ला. एखादं पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं तर ते चोरीला गेल्यासारखंच. रजिस्टरात असतं, हाताला लागत नाही. आमच्याकडची डाळिंबवाल्या घरातली मुलं रोगांवरचं पुस्तक शोधत 580 च्या कपाटापुढे उभी राहायची, कारण डाळिंब ही वनस्पती. पुस्तक असायचं शेतीत, फळबागांच्या 634 ला. त्यांना तिथे नेऊन सोडण्यात मला काय मजा यायची हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्याच वर्षी टॅक्सॉनॉमीच्या, म्हणजे वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या, सबमिशनसाठी हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) करायचं होतं. झाडाची फांदी फुलासकट आणायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायची, पहिले काही दिवस रोज कागद बदलायचा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मग जाड कागदावर शिवायची किंवा चिकटवायची आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल लावायचं: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. वर्गातल्या बहुतेकींना फांद्या गोळा करत हिंडायला आवडायचं आणि लेबल लिहायचा कंटाळा. माझं उलट होतं. दोघी-तिघींची लेबलं मीच लिहून दिली आणि बदल्यात त्यांनी माझ्या आकृत्या काढून दिल्या. (सरांना हे माहीत होतं, असं मला अजूनही वाटतं.)

ग्रंथालयातलं आणि हर्बेरियममधलं सुख एकच आहे, हे लक्षात यायला मला दुसरं वर्ष उजाडलं. वस्तूला नाव आणि जागा द्यायची, म्हणजे उद्या तिसऱ्या कुणाला ती सापडेल. झाड हे निमित्त होतं. मला वनस्पतिशास्त्र आवडतं असं मी समजत होते. त्यातला वर्गीकरणाचा तेवढा भाग मला आवडत होता. प्रकाशसंश्लेषणाच्या साखळ्या आणि पेशींतल्या विकरांची नावं यांत मी तिन्ही वर्षं कशीबशी तरले.

नव्यानं येणाऱ्यांना मी जे सांगते ते इथून आलेलं आहे. स्वतःबद्दलची एखादी गोष्ट एकाच ठिकाणी दिसली तर ती त्या जागेची असू शकते. शिकवणारे चांगले असतील, सोबतच्या मैत्रिणी चांगल्या असतील, किंवा बाकडं पंख्याखाली असेल. तीच गोष्ट दुसऱ्या, अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसली की ती आपली म्हणायला हरकत नाही. म्हणून पहिल्या वर्षी वर्गाशिवाय निदान दोन ठिकाणी पाय ठेवा. एक पुरत नाही.

हे दोषांनाही तितकंच लागू आहे, किंबहुना जास्त. माझ्या खोलीतली जोडीदारीण जतकडची. सगळं शिक्षण मराठी माध्यमातून, आणि बीएस्सीची लेक्चरं इंग्रजीत. पूर्ण पहिलं सत्र तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. मेंटॉर मॅडमनी तिच्या फॉर्मवर आत्मविश्वास कमी असं लिहिलं आणि तिनं ते मान्यही केलं. डिसेंबरात आमचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं निवासी शिबिर दत्तक गावात होतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा, सकाळी प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावात सर्वेक्षण. दुसऱ्याच दिवशी मुलींच्या मुक्कामाची खोली बदलायची वेळ आली, तेव्हा सरपंचांशी बोलायला हीच पुढे झाली. त्यांनी टाळाटाळ केली तर त्यांच्या ओट्यावर बसून राहिली आणि समाजमंदिराची किल्ली घेऊनच उठली. सर्वेक्षणात बायका आमच्याशी हो-नाही एवढंच बोलायच्या. हिच्याशी त्या सुनेच्या बाळंतपणापासून हंड्यांच्या रांगेपर्यंत सगळं बोलत. लाजाळूपणाचा तिथे पत्ता नव्हता. तिला इंग्रजीत प्रश्न विचारता येत नव्हता, एवढीच मूळ अडचण होती. त्याला उपाय आहे: इंग्रजी शिकणं. स्वभाव बदलायची गरज नव्हती. तिनं पुढे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलामुलींनी हे नीट पाहावं असं मला फार वाटतं. पहिल्या सत्रात आपण मंद आहोत असं वाटायला लागतं. आधी तपासा, की तीच गोष्ट मराठीत कुणी सांगितली तर समजते का. समजत असेल तर प्रश्न भाषेचा आहे आणि तो साधारण वर्षभरात सुटतो. मराठीतही समजत नसेल तर मात्र विषयाबद्दल शांतपणे विचार करा, आणि तो दुसऱ्या वर्षाच्या आत करा, एटीकेटीचं, म्हणजे मागे राहिलेल्या विषयांचं, ओझं साठायच्या आधी.

एनएसएसबद्दल थोडं. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक विशेष शिबिर असा तिचा साचा आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून तिला क्रेडिट मिळतात. मला हे पूर्ण पटलेलं नाही. क्रेडिट आलं की हजेरी आली, हजेरी आली की फोटोपुरतं खोरं धरणारे आले. पण शिबिरात मुक्कामी राहिलात तर सातव्या दिवसापर्यंत सोंग टिकत नाही, आपलंही नाही आणि दुसऱ्याचंही. शंभर माणसांच्या पोळ्या लाटायची वेळ आली की कोण गायब होतं ते दिसतं. गावातून आलेल्यांना तिथे आणखी एक गोष्ट सापडते: कुदळ कशी धरायची, चूल कशी पेटवायची, अनोळखी घराच्या दारात उभं राहून काय बोलायचं, हे आपल्याला येतं आणि फाडफाड बोलणाऱ्या कितीतरी जणांना येत नाही.

नव्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. सोप्या मार्कांसाठी सीनियर सांगतील तो विषय बहुतेकजण घेतात. मी म्हणेन, इथे थोडी जोखीम घ्या. दोन ठिकाणं हवीत म्हणाले ना, त्यातलं एक कॉलेजनं आयतं दिलेलं आहे. जिल्हास्तरीय युवा महोत्सवाचंही तेच. मूकनाट्यात निवड नाही झाली म्हणून आमचा एक वर्गमित्र नेपथ्याच्या मागच्या कामाला लागला, आणि तालमीचं वेळापत्रक, प्रवासाची गाडी, कुणाचा फेटा कुठे हे सगळं त्याच्या वहीत असायचं. पुढे जिमखान्याच्या स्पर्धाही त्यानंच लावल्या. आज तो एका साखर कारखान्यात ऊस वाहतुकीचं नियोजन बघतो.

पैशाचीही गंमत आहे. पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे खात्यावर आले की त्यातला पहिला खर्च कशावर होतो ते बघा. मी दहापट दाखवणारं हातभिंग घेतलं. जोडीदारणीनं अर्धे घरी पाठवले आणि उरलेल्यांत धाकट्या भावाला बूट घेतले. यातलं काही बरोबर किंवा चूक नाही. पण करिअरच्या चाचण्यांत आवडीनिवडीचे जे रकाने भरून घेतात, त्यांपेक्षा या खर्चावर मी जास्त विश्वास ठेवीन.

पदवीनंतर काय, हे घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. वडिलांना बीएड हवं होतं. मला ग्रंथालयशास्त्र करायचं होतं, आणि आमच्या गावात ग्रंथपाल नावाचा पगारी माणूस कुणी पाहिलेलाच नव्हता. "मला आवडतं" या उत्तरानं काहीच झालं नाही. मग वहीत रस्ता लिहून दाखवला: पदवीनंतर बी.लिब. एक वर्ष, मग एम.लिब., आणि कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. जागा निघायला वेळ लागतो आणि तोवर कंत्राटी काम करावं लागतं, हेही त्यात लिहिलं. वडिलांनी वही दोनदा वाचली आणि फी किती एवढंच विचारलं. घरच्यांना आपली आवड कळावी ही अपेक्षा जरा जास्तच असते. रस्ता दिसला तर ते बहुतेकदा वाट अडवत नाहीत. मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले.

कमवा-शिकाला जाणार असाल तर व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी विकास विभागात चौकशी करा, ऑगस्टनंतर जागा उरत नाहीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आधी तयार ठेवा. कामाची वेळ प्रॅक्टिकलच्या तासांना धक्का लागणार नाही अशी मागून घ्या. आमचे पैसे कधीकधी तीन-तीन महिने उशिरा यायचे, त्यामुळे मेसचं बिल या पैशांवर अवलंबून ठेवू नका, आणि तासांची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवून दर आठवड्याला सही घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टमुळे काम सोडावं लागलं तर तसा लेखी अर्ज द्या आणि अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच वेळी मागा. नंतर विभागप्रमुख बदलतात आणि नवीन माणसाला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं.