आजीच्या आठवणी लिहून ठेवायच्यात? मग असं करा

आजी गेल्यावर मी वही घेतली, पहिलं वाक्य लिहिलं "आजी फार प्रेमळ होती" आणि तिथंच अडकले, कारण प्रेमळ तर सगळ्यांच्याच आज्या असतात. म्हणून सांगते, लिहायला बसायच्या आधी माणसं गाठा. तिची बहीण, जाऊ, जुन्या वाड्यातल्या शेजारणी, आणि त्यात जी जास्त थकलीय तिच्याकडे आधी जा.

साल विचारू नका, म्हाताऱ्या माणसांना सालं सांगता येत नाहीत. आपल्या नाशकात सिंहस्थ, म्हणजे कुंभमेळा, धरून विचारायचं, "लग्न सिंहस्थाच्या आधी की नंतर?" की लगेच उत्तर येतं, मग १९५६, १९६८, १९८०, १९९१ असं आपण जुळवत जायचं. मधे १९६९ चा पूर आहे, १९७२ चा दुष्काळ आहे. पुराचं नुसतं नाव काढलं तर आजीची धाकटी बहीण अर्धा तास बोलत होती, गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी कुठपर्यंत चढलं, धान्याचे डबे माडीवर कुणी नेले, आजीच्या कडेवर कोण होतं, त्यावरून काकांचं खरं वयसुद्धा कळलं! मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण आधी विचारून.

तिचे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच दुसरीकडे कॉपी करा, फोन बदलताना जाऊ शकतात.

कुरडयांसारखं काही असेल तर नुसती रेसिपी लिहू नका, करून बघा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं हे कुणीही सांगेल, पण आजी चीक शिजला की नाही ते कसं ओळखायची ते आईला कढईपाशी उभी राहिल्यावरच आठवलं.

गोदावरीच्या रामकुंडावर तुमच्या घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांची घराण्यांची नावं लिहिलेली वही नक्की बघा, आडनाव आणि मूळ गाव सांगायचं. आमच्या पानावर आजीच्या सासऱ्यांची सही निघाली, हात लावताना रडूच आलं. आजीचंही नाव होतं, पण सासरचं. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं, बाबांना पण नाही, ते शेवटी त्या धाकट्या बहिणीनंच सांगितलं. आता माझ्या वहीत "आजी फार प्रेमळ होती" खोडून तिथं ते नाव लिहिलंय.