उष्माघात झालेला धावपटू: आधी टबात, मग दवाखान्यात

पोलीस भरतीची धाव असो की मॅरेथॉन, पळता पळता कुणी झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बडबडू लागला किंवा मदतीला आलेल्यालाच ढकलू लागला, तर उष्माघात धरूनच चाला. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहू नका. श्रमाच्या उष्माघातात घाम बहुधा सुरूच असतो. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरेनहाइट) वर गेलं की शंका उरत नाही. कपाळावर रोखायची थर्मल गन आणि काखेतला थर्मामीटर इथे कमी आकडा दाखवून फसवतात. मोजणारं कुणी नसेल तर लक्षणांवरूनच रुग्णाला बर्फाच्या पाण्याच्या टबात थंड करायला सुरुवात करा. श्वास चालू आहे ना, तेवढं आधी बघा. नसेल तर टब विसरा आणि सीपीआर (छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) द्या.

१०८ ला फोन लावा, पण अँब्युलन्सची वाट बघत बसू नका. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड करायचं असतं.

म्हणून टब धाव सुरू होण्याआधीच शेवटच्या रेषेजवळ सावलीत भरून ठेवायचा. १५० लिटर पाणी ३० अंशांवरून १२ वर आणायला साधारण ३० किलो बर्फ लागतो. गच्चीवरच्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी ४० अंशांवर असेल, तर तोच हिशेब ४५ किलोंच्या पुढे जातो. त्यापेक्षा विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आणा. लादी अख्खी टाकू नका, फोडून टाका. मोठा ठोकळा हळू वितळतो आणि पाणी कोमटच राहतं.

बूट आणि जाड कपडे काढून रुग्णाला गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. दोन्ही काखांखालून चादर घालून तिची टोकं डोक्यामागे एकाने घट्ट धरायची, म्हणजे तो बेशुद्ध झाला तरी तोंड पाण्याखाली जात नाही. हे काम करणाऱ्याने दुसरं काहीही करायचं नाही. डोक्यावर बर्फाच्या पाण्यातला टॉवेल ठेवा, दर दोन मिनिटांनी बदला.

पाणी सतत ढवळत राहा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: पाणी स्थिर राहिलं की अंगालगत गरम पाण्याचा थर साचतो आणि थंड होणं मंदावतं. थंडी वाजली, तो ओरडला, म्हणून घाबरून लगेच बाहेर काढू नका. उलटी झाली तर मात्र मान वळवून तोंड साफ करा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका आणि पॅरासिटामॉल देऊ नका; या तापावर त्याचा उपयोग नाही.

चांगल्या थंड पाण्यात तापमान दर पाच मिनिटांना साधारण एक अंश उतरतं. ३९ च्या जरा खाली, म्हणजे १०२ फॅरेनहाइटला आलं की बाहेर काढा, कारण नंतरही ते थोडं उतरतच राहतं. थर्मामीटर नसेल तर १० ते १५ मिनिटं पुरे.

टब नसेल तर रुग्णाला ताडपत्रीवर झोपवा, चार-पाच जणांनी कडा उचलून धरा, बर्फाचं पाणी ओता आणि हेलकावत राहा.

घरात उकाड्याने आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र टबात घालू नका. अंग ओलं करून जोराचा वारा घाला. आणि धावपटू उठून बसला, हसला, तरी दवाखान्यात न्यायचाच: यकृत आणि मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत दिसते.