गोव्यात नवीन बिऱ्हाड करताय? आधी संपचं (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं) झाकण बघा

पाऊस सुरू झाला की कोल्हापूर, बेळगावकडनं नवीन आलेल्यांचे फोन येतात, ताई जुलाब लागलेत, पाणी बदललं म्हणून असेल का? अहो नुसतं पाणी बदलून नाही होत, पाण्यात घाण मिसळली की होतं. अस्नोड्याहून बार्देशात, ओप्याहून पणजी-फोंड्यात येणारं नळाचं पाणी प्लांटमधे शुद्ध करूनच सोडतात, पण पुढे ते बिल्डिंगच्या संपमधे पडतं नि खरी गडबड तिथे. म्हापशात आमच्या पहिल्या भाड्याच्या घरी संपचं झाकण तडकलेलं, सेप्टिक टँक चार पावलांवर. पहिल्याच पावसात मुलगा आजारी पडला, चार वर्षांचा होता, दुपारपर्यंत नऊ वेळा जुलाब, ओठ सुकलेले, रडत होता पण डोळ्यातनं टिपूस येईना. मी मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवायची गोळी घेऊन आले, डॉक्टरांनी दोन्ही बाजूला ठेवलं नि चमच्याचमच्याने ओआरएस पाजायला लावलं.

लहान मुलांना उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा रोटा, नोरो अशा व्हायरसने होतात, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. रक्त किंवा आव पडून ताप असेल तर शिगेला वगैरे जंतू असू शकतात, मग डॉक्टरच. तांदळाच्या धुवणासारखे भसाभस जुलाब म्हणजे कॉलराची शंका, माणूस काही तासांत कोलमडतो, सरळ १०८ लावा. दोन आठवडे झाले तरी पोट धड होत नसेल तर जिआर्डिया नावाच्या परजीवीसाठी शी तपासून घ्या.

ओआरएसची पुडी पूर्ण फोडा, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजाने अर्धी पुडी ग्लासात नको. नाहीच मिळाली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांना झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. पेज चालू ठेवा, अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका.

मालक म्हणतील आमच्या बांयचं उदक (विहिरीचं पाणी) एकदम बरं. असेल उन्हाळ्यात, पण पावसात उकळूनच प्या. तिसऱ्या, शिणाणे, कालवं हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यातली घाण त्यांच्या पोटात साठते, तेव्हा अर्धकच्ची खाऊ नका. आणि बाळ असेल तर लसीचं कार्ड गावी विसरू नका, रोटाचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना असतात, राहिलेले इथल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.