रब्बी कांद्याचं पोटॅश लागवडीलाच द्या

"फुगवणीसाठी काय सोडू?" हा प्रश्न मार्चमध्ये गावोगावी ऐकू येतो. त्याचं खरं उत्तर आत्ता, वाफे बांधताना द्यायचं असतं. पातीत तयार झालेलं अन्न गड्ड्याकडे नेण्याचं काम पोटॅशच्या जोरावर चालतं. आणि कांद्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, म्हणून ते तिथेच, आधीपासून हजर हवं.

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची रब्बीसाठीची शिफारस हेक्टरी ११० किलो नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश (म्हणजेच पोटॅश) आणि ४० गंधक अशी आहे. एकराला २४ किलो पालाश झालं, म्हणजे ४० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, कारण या खतात ६० टक्के पालाश असतं. पण १०:२६:२६ या मिश्रखताची (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) एक ५० किलोची गोणी टाकत असाल तर १३ किलो पालाश तिच्यातूनच मिळतं. मग म्युरेट १८ किलो पुरे. हा हिशेब न करता दोन्ही पूर्ण टाकणारे बरेच आहेत, पैसे मातीत जातात. काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असू शकतं, तेव्हा माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर मात्रा त्याप्रमाणेच ठरवा.

विहिरीचं पाणी खारट असेल तर म्युरेट टाळा. त्यात क्लोराइड असतं आणि कांद्याला क्षार सोसत नाहीत. तिथे सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडलं तरी बरं, सोबत गंधकही मिळतं. मात्र ठिबकच्या टाकीत ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर कधीही मिसळू नका, जिप्सम तयार होऊन ड्रीपर चोंदतात.

आता ०:०:५० च्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या सल्फेट ऑफ पोटॅशच्या फवारणीबद्दल. लिटरला ५ ग्रॅमने २०० लिटर फवारलं तर एकरी १ किलो खत, त्यात पालाश अर्धा किलो. कुठे २४ आणि कुठे अर्धा! शिवाय पात मेणचट, पाणी घरंगळतं. फवारणी आधार देईल, पण बेसलची, म्हणजे लागवडीला दिलेल्या खताची जागा घेणार नाही.

जुन्या पातीचे शेंडे पिवळे पडून करपत खाली येत असतील तर पोटॅशची कमतरता असू शकते. जांभळट लांबट डाग दिसले तर तो करपा रोग, चंदेरी ठिपके दिसले तर फुलकिडे. आधी ओळखा, मग दुकानात जा.

युरियाचा शेवटचा हप्ता लागणीनंतर ४५ दिवसांच्या आत उरका. उशिरा दिलेल्या नत्राने माना जाड होतात आणि असा कांदा चाळीत आधी सडतो.