उजेडाचे विरजण
माझ्या कादंबरीतील नगरात प्रत्येकाला मंत्राने दिवा लावता येत होता. तरीही पात्रे दरवेळी थक्क होत आणि मी परिच्छेदभर प्रकाशाचे वर्णन करीत असे, त्यामुळे ती जादू रोजची वाटेना. उपाय विरजणात सापडला. कोमट दुधात चमचाभर दही घातले की त्यातील जिवाणू रातोरात दुधाचे घट्ट दही करतात, याचे घरात कोणालाच नवल नसते. मात्र दही लागले नाही, तर दूध फार गरम होते का, याची चौकशी लगेच सुरू होते. म्हणून मी वर्णने काढून टाकली आणि उजेडालाही विरजण दिले: कालची ठिणगी मडक्यात जपायची, विझली तर शेजारी मागायची. आता पहिल्याच प्रकरणात, अबोला धरलेल्या जावेच्या दारात, पदराआड रिकामी वाटी घेऊन माझी नायिका उभी आहे.