दगडफुलाचा फोटो असा काढा, की ओळख पटेल

खान्देशी काळ्या मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची भावंडं सातपुड्यात तोरणमाळच्या खडकांवर आणि झाडांच्या सालींवर जिवंत दिसतात. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. फोटोवरून ओळखायचं असेल तर एक फोटो कधीच पुरत नाही.

आधी लांबून एक घ्या: खडक आहे की साल, सावली आहे की ऊन, हे त्यात दिसू द्या. मग जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून; त्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. सकाळचं तिरकं ऊन सगळ्यात चांगलं. फ्लॅश नकोच, त्यानं रंग पांढुरका पडतो.

खरी गंमत पाण्यात आहे. कोरड्यावर एक फोटो काढा, मग दोन थेंब टाकून मिनिटभर थांबा. राखाडी पापुद्रा बघता बघता हिरवट होतो, कारण ओला झाल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. दोन्ही फोटो ठेवा. पानासारखा प्रकार असेल तर कडा अलगद उचलून खालचा रंग आणि मुळांसारखे धागेही टिपा. वाटीसारख्या चकत्या किंवा कडेला पिठासारखी भुकटी दिसली तर ती सोडू नका, ओळख बरेचदा तिथेच पटते.

खरवडून मात्र घरी आणू नका. यातले बरेच प्रकार वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आणि नुसत्या फोटोवरून नेमक्या जातीचं (species) नाव ठोकून देण्यापेक्षा प्रजातीच्या (genus) मोठ्या गटापाशी थांबलेलं बरं.