चालू प्रोसेसची मेमरी बाहेरून कशी वाचावी

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांची मोजणी ठेवणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम अडला, की तो बंद करून चालत नाही. बंद केला तर आतली मोजणीही जाते. त्याला हात न लावता आत डोकवायचे असते.

पीजीरेप या आज्ञेने चालू प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा, क्रमांक (पीआयडी) काढा आणि /प्रॉक/पीआयडी/मॅप्स ही फाइल वाचा. प्रत्येक ओळीत मेमरीच्या एका पट्ट्याचे सुरुवातीचे नि शेवटचे पत्ते आणि परवानग्या असतात. ‘आर’ (वाचायची परवानगी) नसलेल्या ओळी सोडा. ‘व्हीव्हार’ नावाची ओळही सोडा, तिला ‘आर’ असूनही वाचन फसते. कालचे पत्ते आज वापरू नका, एएसएलआरमुळे (पत्ते मुद्दाम विस्कटण्याच्या सुरक्षा-सोयीमुळे) प्रोग्रॅम सुरू होताना ते दर वेळी बदलतात.

आता खरी अडचण. प्रोसेस तुमचीच, लॉगिनही तेच, तरी तिची मेमरी वाचायला गेले, की ‘परमिशन डिनाइड’. मी इथेच खूप अडकलो होतो. फाइलच्या परवानग्या चाळत बसू नका, दोष तिथे नसतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) इथे डीबगर, म्हणजे दोष शोधायचे साधन, जोडताना लागतो तोच पीट्रेसचा (एका प्रोसेसने दुसरीत डोकावण्याचा) नियम लावतो. उबुंटूत त्यावर यामा हे जादा सुरक्षा-कवच बसलेले असते आणि त्याचे पीट्रेस_स्कोप हे सेटिंग सहसा १ असते. म्हणजे पालक प्रोसेसला आपल्या पोटच्या प्रोसेसची मेमरी वाचता येते, शेजारच्या टर्मिनलमधून नाही. प्रोसेस_व्हीएम_रीडव्ही हा सिस्टिम कॉलही (कर्नलकडे करायची मागणी), जो लिनक्स ३.२ पासून आहे, याच तपासणीतून जातो. त्यामुळे तो वापरून पळवाट मिळत नाही.

यावर ‘स्कोप कायमचे ० करून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ब्राउझरमधले पासवर्डसुद्धा मेमरीतच असतात. ० केले, की त्या लॉगिनखालचा एक बिघडलेला प्रोग्रॅम बाकीच्या बहुतेकांच्या मेमरीत शिरू शकतो. वाचणारी स्क्रिप्ट तेवढी सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा, सेटिंग तसेच राहू द्या.

मग /प्रॉक/पीआयडी/मेम ही फाइल बायनरीत उघडा, मॅप्समधल्या पत्त्यावर सीक करा (तिथे उडी घ्या), हवे तेवढे बाइट वाचा. पायथॉनच्या चार ओळी पुरतात. फाइल दाखवणारी ‘कॅट’ आज्ञा लावू नका; ते शून्य पत्त्यापासून वाचू लागते, तिथे काहीच नसते आणि एरर येते.

जीडीबी हा डीबगर जोडू नका, मेमरीची प्रत काढणारे जीकोरही नको. दोन्ही प्रोसेसला थांबवतात, आणि लाइन चालू असताना ते परवडत नाही. मेम वाचताना प्रोसेस थांबत नाही, पण मध्येच आकडा बदलू शकतो. म्हणून तोच पट्टा दोनदा वाचा आणि दोन्ही वाचने जुळली तरच आकडा धरा.